प्लास्टिक सोडलंत, छान केलंत. आता या चुका टाळा

दसरा झाला की घरून माल पाठवणाऱ्यांचे मला फोन सुरू होतात. “ताई, यंदा बबल रॅप बंद, सगळं कागदाचं करायचंय. खोके कुठून घेऊ?” विचार उत्तम आहे, पण तो सुचलेला असतो ऑर्डरी यायला लागल्यावर. मी पुण्यात कसब्यातल्या घरातून मातीच्या पणत्या आणि उटणं बाहेरगावी पाठवते. पणत्या फुटून परत आल्या की बदली पाठवायची, म्हणजे कुरिअरच्या तीन फेऱ्या, दोन खोके आणि पणत्या कचऱ्यात. कागद वापरल्याचं पुण्य तिथेच संपतं.

पहिली चूक माझी स्वतःची, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. एका वर्षी दिवाळी संपल्यावर रविवार पेठेत कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, कुरिअर पिशव्यांचा उरलेला माल स्वस्तात मिळाला. दोन हजार पिशव्या. घरी आणून पोटमाळ्यावर टाकल्या, वर पत्रा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ४० ला टेकतो, पत्र्याखाली काय होत असेल ते समजून घ्या. मग चार महिने पावसाची दमट हवा. धनत्रयोदशीला बारा दिवस असताना गठ्ठा खाली काढला, एका पिशवीत उटण्याचे दोन डबे सरकवले आणि कडेची शिवण करकरत उकलली. दुसरी पिशवीही तशीच. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी पिशवी बोटांत चोळून पाहिली. “अगं, ही जुन्या रेशमी साडीसारखी घडीवर चिरतेय.”

तरी मी हट्टानं त्यातल्या बऱ्या पिशव्या निवडून चाळीस पार्सलं पाठवली. कोण पुन्हा बाजारात जाणार? तीन दिवसांनी नागपूरहून फोटो आला: हातात लेबल, लेबलाला चिकटलेला पिशवीचा तुकडा, आणि बाकी काही नाही. असे एकूण अकरा फोटो आले. अकरा घरांत त्या वर्षी माझं उटणं पोहोचलं नाही, आणि ते कुठल्या गोदामाच्या फरशीवर सांडलं ते मला आजही माहीत नाही.

यात पिशवीचा दोष नव्हता. ऊब आणि ओल मिळाली की विघटन व्हावं याचसाठी ती बनवलेली असते. मी तिला दोन्ही भरपूर दिलं. आता या पिशव्या घेतल्याच तर तीन महिने पुरतील एवढ्याच घेते, गठ्ठ्यावर मार्करनं तारीख टाकते, कपाटात ठेवते आणि दर गठ्ठ्यातली एक दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघते. पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला नसेल तर नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रावर भाळू नका. आणि ग्राहकाला “कुंडीत टाका, खत होईल” असं लिहून पाठवू नका. या पिशव्यांची चाचणी साधारण ५८ अंशांच्या उष्णतेत होते, गॅलरीतली कुंडी एवढी तापत नाही. ही पिशवी साध्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर त्याचाही पुनर्वापर बिघडवते. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई सुका कचरा न्यायला येतात, त्या पुठ्ठा आनंदानं वेगळा काढतात. म्हणून मी बहुतेक सगळा माल आता खोक्यातच पाठवते.

दुसरी चूक म्हणजे दांडगा खोका. “एकच मोठा साइज घेतला, सगळ्याला चालतो” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हात जोडते. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० नं भागतात, येणारा आकडा किलो म्हणून धरतात, आणि हे वजन व खरं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. नऊशे ग्रॅमच्या पणत्या ३० × ३० × २० च्या खोक्यात घातल्या की वजन धरलं जातं ३.६ किलो. त्याच पणत्या २० × २० × १२ मध्ये बसतात, तिथे ०.९६ किलो. वर मोठ्या खोक्यातली पोकळी भरायला कागद लागतो तो वेगळाच. मी पणत्या एकात एक रचते, प्रत्येक दोघींमध्ये कागदाची चकती, आणि रांग उभी ठेवते. खोका बंद करून कानाजवळ हलवायचा. आवाज आला की पुन्हा उघडायचा. घाईच्या दिवसांत हे टाळणारेच मग “कागदात माल टिकत नाही हो” म्हणत परत बबल रॅपकडे जातात.

कागदी टेप सुटते ही तक्रार दरवर्षी असते, आणि दरवर्षी खोके धुळीचे किंवा सादळलेले निघतात. परतीच्या पावसात खोके जमिनीवर रचले की खालचे चार मऊ पडतातच. फळीवर ठेवा. टेप लावण्याआधी कोरडं फडकं फिरवा, लावल्यावर तळहातानं जोर देऊन घासा. पाणी लावून चिकटवायची टेप जास्त धरते, कारण तिचा गोंद पुठ्ठ्याच्या तंतूंत मुरतो. पण स्पंज पिळून घ्या. थबथबीत ओली केली की गोंद धुऊन जातो.

जुना खोका जरूर वापरा, फक्त जुना बारकोड खरवडून काढा, नाहीतर पार्सल भलत्याच गावची यात्रा करून येतं.

फराळाला वर्तमानपत्र लावू नका, शाई उतरते.

मिठाईच्या खोक्याभोवती प्लास्टिकची फिल्म गुंडाळायला १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरीही “दिसायला छान दिसतं” म्हणून विचारणारे भेटतात.

चमकी लावलेला किंवा प्लास्टिकचा थर दिलेला कागद रद्दीवाला घेत नाही.

आणि तारीख. उटणं नरक चतुर्दशीच्या पहाटे लागतं, दुपारी पोहोचून उपयोग नाही. शेवटच्या क्षणी विमानानं पाठवायचं तर कागदी खोक्याचं कौतुक कशाला? मी वसुबारसेच्या सहा दिवस आधी बाहेरगावच्या ऑर्डरी बंद करते. “एवढी एक घ्या ना” म्हणणारं कोणी पुण्यातलंच निघालं, तर त्यांना तुळशीबागेच्या बाजाराचा रस्ता सांगते.