थंडीतले पांढरे ठिपके: शोभिवंत माशांना औषध देण्याआधी पाणी मोजा

थंडी सुरू झाली की परसातल्या सिमेंटच्या टाक्यांचं पाणी रात्री गार पडतं आणि दुपारी पुन्हा तापतं. गप्पी, मॉली, एंजल यांना हा चढउतार झेपत नाही. मासे भिंतीला अंग घासतात, पर मिटून कोपऱ्यात गोळा होतात आणि मग अंगावर रव्याच्या कणीएवढे पांढरे ठिपके उठतात. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे एका बारीक परजीवीमुळे होणारा रोग. नुकसान रोगाने होतंच, पण घाईघाईत ओतलेल्या औषधानेही बरेच मासे जातात.

ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या कातडीत दडलेला असतो. तिथवर औषध पोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो गळून तळाशी बसतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पाण्यात पोहतात. औषधाने मरतात ती हीच पोहणारी पिल्लं. हा फेरा २५-२६ अंशाला तीन ते सहा दिवसांत पुरा होतो. १० अंशाला महिन्याहून जास्त लागतो. त्यामुळे आज औषध टाकलं आणि उद्या ठिपके तसेच दिसले, तरी डोस दुप्पट करू नका. पाणी जितकं गार, तितके दिवस उपचार जास्त. काचेच्या टाकीत हीटरने दोनेक दिवसांत हळूहळू २८ अंशांपर्यंत न्या. सिमेंटच्या टाकीवर रात्री ताडपत्री ओढा.

आता मोजणी. लांबी × रुंदी × पाण्याची खोली, सगळं फुटांत, गुणिले २८.३, झाले लिटर. ६ बाय ३ फुटांच्या टाकीत २ फूट पाणी असेल तर साधारण १,०१९ लिटर. अनेक जण पाण्याऐवजी भिंतीची उंची धरतात. भिंत अडीच फुटांची असेल तर हिशेब १,२७३ लिटर येतो, म्हणजे औषध सव्वापट पडतं. मोजपट्टी पाण्यात बुडवूनच बघा.

सुरुवात खडेमिठाने करावी: १,००० लिटरला १ ते ३ किलो, बादलीत विरघळवून, थोडं थोडं. लोच आणि कॅटफिश या तळाशी राहणाऱ्या माशांच्या टाकीत कमीत कमी घाला. भागलं नाही तर फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण), १,००० लिटरला २५ मिली, एक दिवसाआड, प्रत्येक वेळी निम्मं पाणी बदलून. एवढं फॉर्मेलिन लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू खाऊन टाकू शकतं, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. मासे वर येऊन तोंड मारत असतील तर ते वापरूच नका. फॉर्मेलिनबरोबर पोटॅशियम परमँगनेट कधीही मिसळू नये. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा. वाफ माणसालाही घातक आहे. फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तो काही औषधं शोषून घेतो.

मेथिलीन ब्लू हे निळं औषध फिल्टर असलेल्या टाकीत नको. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि अमोनिया चढतो.

माणसांच्या प्रतिजैविकांच्या (अँटिबायोटिक) कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची सवय मात्र कळकळीने सांगतो, सोडा. प्रतिजैविक परजीवीवर चालत नाही. त्यातून टेट्रासायक्लिन असेल तर आपल्या बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमला ते चिकटतं आणि बहुतेक वाया जातं. उरतात ते औषधाला दाद न देणारे जिवाणू, आणि त्याच टाकीत आपण जखमी हात घालतो.

पर झडले, लाल चट्टे पडले, तर तपासणी करून घ्या. रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत. आजारी मासा जिवंत न्या. मेलेल्या माशावरून परजीवी लवकर सुटून जातात. टाकीतलं पाणी वेगळ्या बाटलीत घ्या आणि काय, किती, कोणत्या तारखेला टाकलं ते लिहून न्या.

नवीन माल आला की दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने. औषधाचं पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.