पोर्टिंगनंतर इनटेक मॅनिफोल्ड हवा खेचते? या चुका टाळा

हेडचे पोर्टिंग करून, म्हणजे त्यातले हवेचे मार्ग (पोर्ट) घासून मोठे करून, इंजिन पुन्हा बांधले, ते सुरूही झाले; पण स्लो (आयडलिंग) स्थिर राहत नाही, आरपीएमचा काटा वरखाली होतो आणि हेडला हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूने बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणजे सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते आहे. अशा वेळी बहुतेक जण हेड आणि मॅनिफोल्डमधल्या पॅकिंगला (गॅस्केटला) दोष देऊन नवे आणतात आणि काही दिवसांतच तीच तक्रार पुन्हा उभी राहते. माझ्या मते पोर्टिंगनंतरच्या गळतीत पॅकिंग क्वचितच दोषी असते. दोष असतो तो पॅकिंग ज्या धातूच्या काठावर दाबले जाते त्या काठाचा, आणि तो काठ आपणच ग्राइंडर चालवून बदललेला असतो.

म्हणूनच काढलेले पॅकिंग लगेच फेकून देणे ही पहिली चूक. ते उजेडात धरून पाहावे. जिथे दाब नीट बसला आहे तिथे पोर्टभोवती सलग, चेपलेला पट्टा दिसतो. जिथे हवा शिरत होती तिथे तो पट्टा फिकट पडतो किंवा तुटतो, आणि त्या तुटीतून बाहेरच्या काठापासून पोर्टपर्यंत धुळीचा काळपट माग गेलेला दिसतो. हा माग हेडवर नेमका कुठे येतो ते पाहिले, की निम्मे निदान तिथेच होते.

बऱ्याचदा तो माग पोर्टच्या छतापाशी किंवा बोल्टच्या भोकाजवळ सापडतो. पॅकिंग हेडवर नुसते हाताने धरून आतल्या कडेने रेघ मारली आणि त्या रेघेपर्यंत, किंवा उत्साहाच्या भरात तिच्याही पलीकडे, पोर्ट उघडले, तर पॅकिंगवरचा सिलिकोनचा उठाव आधाराविना पोकळीवर येतो. पॅकिंग डॉवेलवर (जागा पक्की करणाऱ्या खिळीवर) किंवा बोल्ट घालून जागेवर पक्के बसवावे, मगच रेघ मारावी, आणि पोर्ट पॅकिंगच्या छिद्रापेक्षा चहूबाजूंनी किंचित लहानच ठेवावे. काठ आधीच खाल्ला गेला असेल, तर तिथे टिग वेल्डिंगने धातू भरून पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घेणे हाच टिकाऊ उपाय आहे. जाड पॅकिंग घालून ही उणीव भरत नाही. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीच्या) बाजूची भिंत घासता घासता आरपार गेली असेल, तर ती गळती पोर्टच्या आत असते आणि तिथे कोणतेही पॅकिंग कामाचे नाही.

ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग ग्राइंडरला लावलेल्या खरखरीत चकतीने साफ करणे ही तितकीच महाग चूक आहे. चकती जिथे क्षणभर रेंगाळते तिथे उथळ खळगा पडतो, जो डोळ्यांना दिसत नाही, पण सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवले की लगेच कळतो. किती फट चालते याचा आकडा इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो. जुना थर प्लास्टिकच्या खरवडणीने काढावा आणि पोर्टच्या कडेला उभी राहिलेली बूर (धातूची धारदार कड) बारीक कानशीने हलकेच उतरवावी.

व्ही आकाराच्या इंजिनात आणखी एक पेच आहे. पोर्टिंगच्या निमित्ताने हेडची खालची बाजूही घासून घेतली, तर दोन्ही हेड खाली आणि आत सरकतात, त्यामुळे मॅनिफोल्ड वर उचललेले राहते आणि पोर्टची तोंडे एकमेकांसमोर येत नाहीत. शेव्हरोलेच्या जुन्या २३ अंशी स्मॉल ब्लॉक इंजिनात हेडचे ०.२५ मिमी काढले, तर इनटेकच्या बाजूचे सुमारे ०.३१ मिमी काढावे लागते. इतर इंजिनांत कोनानुसार हे प्रमाण बदलते.

सीलंट पोर्टभोवती थापणे टाळाच. साधे सिलिकोन पेट्रोलने फुगून सुटते आणि त्याचे तुकडे व्हॉल्व्हकडे ओढले जातात. व्ही इंजिनात त्याची जागा मॅनिफोल्डच्या पुढच्या-मागच्या टोकांना आणि चार कोपऱ्यांत असते, तेवढीच. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत. त्याआधी एखादा बोल्ट भोकाच्या तळाला टेकून खोटा टॉर्क तर दाखवत नाही ना, हे पाहावे.

शोध घेताना गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारण्यापेक्षा धुराची चाचणी सुरक्षित आणि नेमकी असते. एअरफ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात स्लोवर फ्युएल ट्रिम (संगणकाने इंधनात केलेली वाढ-घट) अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर हवा बाहेरून शिरते आहे असा संशय घ्यावा. व्ही इंजिनात मात्र गळती खालून, लिफ्टरच्या दरीतून (मॅनिफोल्डखालच्या, तेल असलेल्या पोकळीतून) असली, तर बाहेर काहीच सापडत नाही. तेल ओढले जाते, धूर निळसर येतो आणि प्लग ओला निघतो. तेव्हा पीसीव्हीची (क्रँककेसमधले वायू मॅनिफोल्डकडे नेणारी) नळी काढून मॅनिफोल्डकडचे तिचे तोंड बंद करावे, इंजिनाचे बाकीचे ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची तोंडे) बुजवावेत आणि स्लोवर तेल भरण्याच्या तोंडावर तळहात ठेवावा. तळहात आत ओढला गेला, तर मॅनिफोल्ड पुन्हा उतरवण्याला पर्याय नाही.