नवीन लॅपटॉप घेताना एसएसडी कशी बसवलीय ते आधी बघा

जुनी २.५ इंची हार्डडिस्क म्हणजे १०० मिमी लांब, जवळपास ७० मिमी रुंद, आत फिरणारी तबकडी, त्यामुळे लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी अख्खा कप्पा ठेवावा लागायचा आणि धक्का लागू नये म्हणून रबरही लावायचे. आता एम.२ एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह; एम.२ हा तिचा पट्टीसारखा आकार) २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, च्युइंगमच्या पट्टीएवढी! वाचलेल्या जागेत मोठी बॅटरी येते नाहीतर बॉडी पातळ होते, आणि पुढे हे अजून वाढणारच कारण ३० मिमी लांबीच्या एसएसडी पण आल्यात.

पण पातळ करायच्या नादात काही कंपन्या स्टोरेज थेट मदरबोर्डवर सोल्डर करतात, म्हणजे कायमचं जोडून टाकतात, आणि माझ्या मते ग्राहकाचं खरं नुकसान इथेच आहे, कारण बोर्ड गेला की डेटा पण अडकतो.

म्हणून आधी स्पेसिफिकेशनमध्ये 'एम.२ स्लॉट' लिहिलंय का बघा, नसेल तर त्याच मॉडेलचा खोलतानाचा व्हिडिओ शोधा. एका टोकाला एकच छोटा स्क्रू दिसला, तो काढल्यावर पट्टी तिरकी वर उठली की समजा बदलता येते. स्लॉट किती लांबीची पट्टी घेतो तेही बघा, ३० मिमीच्या जागेत ८० ची बसत नाही. एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) तापतात आणि तापल्या की स्वतःच स्पीड कमी करतात, त्यामुळे वर थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणारी मऊ पट्टी) आहे का हेही त्याच व्हिडिओत दिसेल. आणि सोल्डर केलेलाच घेणार असाल तर स्टोरेज सुरुवातीलाच जास्त घ्या, बॅकअप मात्र बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवाच.