पुढाऱ्याचे नक्षल्यांशी 'संबंध': बातमी छापण्याआधी काय तपासायचं

गडचिरोलीच्या एटापल्ली-भामरागड पट्ट्यात बावीस वर्षं तालुका वार्ताहर होतो. नव्या पोरांना पहिली गोष्ट सांगतो, वहीत 'संबंध' हा शब्द लिहायचाच नाही. तिथं क्रियापद लिहा. पैसे दिले? मतं मागितली? पोलिसांच्या गाडीची खबर दिली? क्रियापद सापडत नसेल तर घरी जा, बातमी नाही.

'जेवण दिलं' हे क्रियापद मात्र खोडा. "रात्री बंदुका घेऊन आले त भात रांधून द्याच लागते," असं एक सरपंच मला म्हणाला होता. तोच सकाळी ठाण्यात बोलावला जायचा आणि तिथं चहा प्यायला म्हणून दलमच्या, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, लेखी पोलिसांचा खबरी ठरायचा.

पैशाचं बघताना महिना बघा. तेंदूपत्त्याचा हंगाम एप्रिल-मेचा, खंडणीही तेव्हाच फिरते. ठेकेदार पुढाऱ्याचा मेहुणा निघाला की लोक लगेच गणित जुळवतात. पण मेहुण्यानं जिवाच्या भीतीनं दिलेली खंडणी वेगळी आणि पुढाऱ्यानं मतांसाठी पोचवलेली थैली वेगळी. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यानंतर बऱ्याच ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करतात. तिथलं ठरावाचं रजिस्टर मागा. बोली कितीची लागली, मजुरांच्या हातात किती पडले, हे जुळत नसेल तर पुढं खणा.

आता पत्रक. विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबरात, रस्त्यावर दगडाखाली एक पत्रक सापडलं. एका उमेदवाराला 'आमचा माणूस' म्हटलं होतं. दलम मध्यरात्री येऊन टाकून गेलं, असं सांगणारे तिघं होते. मी छापलं. फोटो नंतर नीट पाहिला. रात्रभर पाऊस झालेला, दगड ओला, चिखल ओला, कागद कोरडा ठाक. तो उमेदवार तोवर बायकामुलांसह चंद्रपूरला निघून गेला होता.

पोलीस पत्रकार परिषदेत 'आत्मसमर्पित नक्षल्यानं नाव घेतलं' म्हणाले की लिहून घ्या, पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही. कलम विचारा. यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याचं 39 म्हणजे दहशतवादी संघटनेला पाठिंबा, 40 म्हणजे तिच्यासाठी निधी. दोषारोपपत्र दाखल झालं का, तेही विचारा.

घातपात झाला की पहिला प्रश्न येतो, वाचला कोण? छत्तीसगडच्या बस्तरातली झीरम घाटी त्यातलं सगळ्यात कठीण उदाहरण. 25 मे 2013, काँग्रेसची परिवर्तन यात्रा सुकम्याहून जगदलपूरकडे निघालेली, घाटीत नक्षल्यांनी तिच्यावर हल्ला केला. काँग्रेसचे नेते महेंद्र कर्मांना का मारलं हे बस्तरात कुणाला विचारावं लागत नाही, सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेचा चेहराच ते होते. पण प्रदेशाध्यक्ष नंदकुमार पटेल आणि त्यांच्या मुलाला का? इथून कटाचा संशय सुरू झाला आणि तो काँग्रेस आणि भाजप दोघांनी एकमेकांवर ढकलला. एनआयए या केंद्राच्या यंत्रणेचा तपास झाला, न्यायिक आयोग झाला, 2020 मध्ये दरभा ठाण्यात कटाचा वेगळा गुन्हा नोंदला गेला. त्याचा तपास राज्य पोलिसांनी करायला हरकत नाही, हे सुप्रीम कोर्टात ठरायला नोव्हेंबर 2023 उजाडला. अशा वेळी वहीत दोन रकाने करा, एकात सुरक्षेतली ढिलाई, दुसऱ्यात कट. बहुतेक माहिती पहिल्यातच पडते, आणि मथळा दुसऱ्याचा होतो.

शेवटी ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करा. रेंज नसेल तर मोटरसायकल काढा. त्या ऑक्टोबरात मी गेलो नव्हतो. त्याचं घर माझ्या घरापासून नऊ किलोमीटरवर होतं.