माओरींच्या अंगणात पाहुणे म्हणून जाताना: बडोद्याच्या शाळांसाठी सहलीची पूर्वतयारी

परदेशी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'स्थानिक आदिवासी संस्कृतीचे दर्शन' असे एक कलम हल्ली हमखास असते आणि बहुतेक वेळा तासाभराचा नाच, जेवण आणि बसकडे परत, एवढ्यावरच ते संपते. बडोद्यातील ज्या शाळा विद्यार्थ्यांना न्यूझीलंडला नेण्याचा विचार करीत आहेत, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे लिहीत आहे. मुलांनी माओरी लोकांकडे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांकडे, पाहुणे म्हणून जावे आणि त्याची तयारी तिकिटे काढण्याच्याही आधी इथे, बडोद्यात, सुरू व्हावी, एवढेच माझे सांगणे आहे.

पहिली सहल छोटाउदेपूरच्या वाटेवर काढावी. बडोद्यापासून सुमारे 90 किलोमीटरवर तेजगढ येथे आदिवासी अकादमी आहे. बडोद्याच्याच भाषा संशोधन-प्रकाशन केंद्राने ती उभी केली आणि तिथले 'वाचा' हे संग्रहालय आदिवासींच्या वस्तूंबरोबर त्यांच्या बोलीही जपते. त्याच परिसरात राठवांच्या घरांतील पिठोरा पाहता येतो. घोड्यांनी भरलेली ती भिंत शोभेसाठी रंगवलेली नसते, नवस फेडण्यासाठी लिहिलेली असते. तिला शेणामातीने सारवून तयार करण्याचा मान कुमारिकांचा असतो, रंगांत दूध आणि मोहाची दारू मिसळतात आणि चित्र विधिपूर्वक पुरे झाले की नाही, हे बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, ठरवतो. अशा भिंतीपुढे उभे असताना हात लावायचा नाही, घरधन्याला विचारल्याशिवाय मोबाइल काढायचा नाही आणि प्रश्न विचारायचा तर आधी नीट ऐकायचे, हे मुलांनी घराजवळ शिकलेले असले की पुढचे सारे सोपे जाते. शिवाय माओरी यजमान 'तुमच्याकडचे मूळ रहिवासी कोण?' असे विचारण्याचा संभव फार असतो. सरदार सरोवरात ज्यांची गावे गेली त्या आदिवासी कुटुंबांच्या वसाहती डभोई परिसरात आहेत, हे बडोद्याच्या मुलाला ठाऊक नसावे, ही मला स्वतःला अतिशय लागणारी गोष्ट आहे.

इतिहासाची तयारी चार-पाच तासिकांत होऊ शकते, परंतु ती गाळू नये. 6 फेब्रुवारी 1840 रोजी वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात तह झाला. त्याचे इंग्रजी आणि माओरी पाठ परस्परांशी जुळत नाहीत आणि त्यातून उद्भवलेल्या तक्रारी ऐकण्यासाठी 1975 मध्ये वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या खाव्या लागत, असे अनेक वृद्धांनी सांगून ठेवले आहे. 1982 पासून आज्यांनी आणि आयांनी 'कोहांगा रेओ' या बालवाड्या चालवून भाषा पुन्हा मुलांच्या तोंडी आणली आणि 1987 मध्ये तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. वांगानुई नदीला 2017 मध्ये संसदेच्या कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला, हेही अवश्य सांगावे. नर्मदेकाठच्या प्रदेशातील विद्यार्थी त्यावर तासभर वाद घालतील आणि तो घालू द्यावा.

आता ट्रॅव्हल कंपनीशी बोलणे. कार्यक्रम कोण चालवते, पैसा कोणाकडे जातो आणि मुलांशी बोलणारी माणसे त्याच जमातीची आहेत का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. रोटोरुआ परिसरात माओरी लोक एकोणिसाव्या शतकापासून स्वतः पाहुण्यांना वाट दाखवत आले आहेत. फाकारेवारेवा या गावातील कुटुंबे आजही जमिनीतून येणाऱ्या वाफेवर अन्न शिजवतात. अशा ठिकाणचा पर्यटकांसाठीचा कार्यक्रमही चांगला असतो, परंतु शाळेने शक्यतो एक रात्र मराएवर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, मुक्काम मागावा. एवढ्यासाठी एखादे प्रेक्षणीय स्थळ गाळावे लागले तरी चालेल.

काळ दिवाळीच्या सुट्टीचा निवडावा, कारण तेव्हा तिकडे वसंत असतो. भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतोच, म्हणून अर्ज आणि पालकांची संमतीपत्रे बऱ्याच महिन्यांआधी मार्गी लावावीत. पालकसभेत खाऊचा विषय मात्र सविस्तर बोलावा. मध आणि ताजी फळे पाठवूच नयेत. भाकरवडी, लीलो चेवडो, थेपले, मसाले, लोणचे, जे काही बॅगेत असेल ते विमानतळावर जाहीर करावे लागते. न सांगितलेला पदार्थ सापडल्यास जागेवर 400 डॉलरचा दंड होतो. बुटांच्या तळाला माती राहिलेली नको, ते घरूनच घासून धुऊन न्यावेत.

सर्वांत अधिक वेळ पोफिरीसाठी, म्हणजे मराएवरील स्वागतविधीसाठी, राखून ठेवावा. क्रम बहुतेक ठिकाणी असा असतो. पाहुण्यांनी फाटकाबाहेर एकत्र थांबायचे. आतून यजमान स्त्रीची हाक, कारंगा, येईपर्यंत कोणीही पाऊल पुढे टाकायचे नाही. हाक आली की सर्वांनी एकमेकांना धरून, सावकाश, न बोलता चालायचे. अंगणाच्या मध्ये थोडे थांबणे होते. ते दोन्हीकडच्या दिवंगतांच्या स्मरणासाठी असते, तेव्हा तिथे हसणे किंवा फोटो काढणे अगदी अनुचित ठरेल. पुढे आसनांवर बसताना पहिली रांग वक्त्यांची असते आणि बहुतेक जमातींत तिथे पुरुष बसतात. आपल्या मुली 'असे का?' हे विचारणार, आणि विचारावेच. त्यांना आधीच सांगावे की स्त्रीच्या हाकेवाचून कोणालाही आत येता येत नाही आणि बोलण्याची प्रथा सर्व जमातींत सारखी नाही. मुलींसाठी पायघोळ पोशाख बरा, सलवार-कमीज चालतो.

प्रत्येक भाषणानंतर वक्त्याच्या बाजूच्या मंडळींनी उभे राहून गाणे म्हणायचे असते. इथे शाळांची फजिती होण्याची शक्यता असते, कारण ऐनवेळी कोणीतरी सिनेमातले गाणे सुरू करते आणि निम्मी मुले गप्प राहतात. सर्वांना पाठ असेल, पेटी-तबल्यावाचून एका सुरात म्हणता येईल आणि ज्याचा अर्थ यजमानांना दोन वाक्यांत सांगता येईल, असा एखादा अभंग किंवा गुजराती भजन निवडावे आणि महिनाभर रोजच्या प्रार्थनेत ते म्हणून घ्यावे.

ओळख सांगण्याची पद्धतही आधी घटवावी. माओरी माणूस स्वतःचे नाव शेवटी सांगतो. आधी त्याचा डोंगर, नदी, पूर्वजांची होडी आणि जमात येते. आपल्या मुलाने त्यांचे पठडीतले वाक्य उसने घेऊन डोंगरावर वंशाचा हक्क सांगू नये. 'पावागढच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री माझ्या गावातून वाहते, तिच्यात मगरी राहतात, आणि तिच्या काठी मी वाढलो,' एवढे त्याने मराठीत आणि मग इंग्रजीत सांगितले तरी ती खरी ओळख होते. बडोद्याच्या मराठी घरांत इथे एक सुंदर अडचण येते: पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी घाटावरून किंवा कोकणातून आलेले, कुलदैवत जेजुरीला, आणि नदी मात्र विश्वामित्री. मग आपला डोंगर कोणता? हे शिक्षकांनी ठरवू नये. मुलाने आजीजवळ बसून विचारावे, मूळ गावाचे नाव लिहून आणावे आणि दोन्ही डोंगर सांगायचे असतील तर दोन्ही सांगावेत. या एका गृहपाठातून मुलांना जे कळते, ते कोणत्याही माहितीपत्रकातून कळणार नाही.

माओरी शब्द देवनागरीत लिहून घेतल्यास उच्चार पुष्कळच जमतात. त्यांचे स्वर आपल्या अ, ए, इ, ओ, उ यांच्या जवळचे आहेत आणि ऱ्हस्वदीर्घाचा फरक तिथेही महत्त्वाचा असतो. मात्र 'डब्ल्यू-एच' दिसले की बहुतेक ठिकाणी 'फ' म्हणावे.

भाषणे संपताना पाहुण्यांचा शेवटचा वक्ता कोहा, म्हणजे भेट, अर्पण करतो. बंद पाकिटातील ही रक्कम किती असावी, हे स्थानिक समन्वयकाला आधी विचारावे आणि तिची पावती मागायची नसल्यामुळे शाळेच्या हिशेबनिसाला तशी कल्पना देऊन ठेवावी. त्यानंतर होंगी: हात हातात, नाक आणि कपाळ हलकेच टेकवून क्षणभर थांबायचे आणि एकच श्वास वाटून घ्यायचा. मुले लाजतात, म्हणून शिक्षकांनी वर्गात एकमेकांशी करून दाखवावे. सर्दी झालेल्या मुलाने नम्रपणे तसे सांगून केवळ हात मिळवावा.

फारेनुई या सभागृहात जाताना पादत्राणे बाहेर काढायची आणि आत खायचे-प्यायचे नाही. झोपलेल्याला ओलांडू नये, उशीवर बसू नये, कोणाच्या डोक्याला हात लावू नये. यातले पुष्कळसे आजीच्या तोंडून ऐकलेलेच आहे. टेबलावर बसणे मात्र आपल्याकडे सर्रास चालते, तिथे अजिबात चालत नाही.

पोफिरीनंतरचे जेवण हा विधीचाच भाग आहे. त्यानेच पाहुण्यांवरचे पावित्र्याचे बंधन सुटते, म्हणून प्रत्येकाने थोडे तरी खावे. शाकाहारी आणि जैन मुलांची संख्या महिनाभर आधी कळवावी. तापलेल्या दगडांवर जमिनीत शिजवलेल्या हांगीत रताळी, बटाटे आणि भोपळा असतो, परंतु तो मांसापासून वेगळा ठेवायचा तर यजमानांना आगाऊ कळायला हवे. त्यांच्या पंगतीत बसून आपल्या थेपल्यांची पाकिटे फोडू नयेत, ती बससाठी ठेवावीत.

हाका, म्हणजे माओरींचा आवेशपूर्ण सामूहिक नाच, पाहताना जीभ काढून नक्कल करणे किंवा त्याची रील बनवणे मुलांना स्पष्ट शब्दांत मना करावे. एका प्रसिद्ध हाकाचे श्रेय न्गाती तोआ जमातीला दिले जावे, यासाठी न्यूझीलंडच्या संसदेने 2014 मध्ये स्वतंत्र कायदा केला, हे सांगितले की मनाईचे कारण मुलांना पटते. यजमानांनी स्वतः शिकवायला बोलावले, तर मात्र मनापासून शिकावे.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत मुलांनी हाताने लिहिलेली आभारपत्रे पाठवावीत, प्रत्येकात त्या मुलाला आठवणारी एक तरी नेमकी गोष्ट असावी. ज्यांच्या छायाचित्रांना परवानगी मिळाली होती, तेवढ्यांचीच छायाचित्रे शाळेच्या फलकावर लावावीत, खाली माणसांची आणि जमातीची नावे शुद्ध लिहावीत आणि तोच संच यजमानांकडे पाठवून द्यावा.