उन्हाळी सत्रात चिनी आणि जपानी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

विद्यापीठाच्या उन्हाळी सत्रात चिनी किंवा जपानी घेणाऱ्याने आधी हे जाणून घ्यावे, की या सत्रात अभ्यासक्रम कमी केलेला नसतो. एरवी अनेक महिन्यांत शिकवला जाणारा भाग इथे काही आठवड्यांत पुरा करतात. सकाळी सलग वर्ग, दुपारी संभाषणाचा सराव आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या श्रुतलेखनाची तयारी असा दिवस जातो, त्यामुळे एखादा दिवस जरी बुडाला तरी तो भरून काढणे जड जाते. अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयाच्या उन्हाळी भाषाशाळांत तर विद्यार्थी सत्रभर शिकत असलेल्या भाषेतच बोलण्याची लेखी प्रतिज्ञा करतात.

दोन्ही भाषा एकदम घ्याव्यात का, असे अनेकजण विचारतात. दोन्ही शून्यापासून शिकायच्या असतील तर घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. एक भाषा मुख्य धरावी आणि दुसऱ्या देशाचा इतिहास, धर्म किंवा साहित्य हा विषय आपल्याला येणाऱ्या भाषेतून घ्यावा. मी चिनी भाषा घेतली होती आणि जोडीला जपानी संस्कृतीचा अभ्यासक्रम. या जोडीमुळे दोन्ही विषय मला अधिक नीट कळले.

वर्ग सुरू होण्यापूर्वी उच्चार आणि प्राथमिक लिपी यांची तयारी व्हायला हवी. जपानीसाठी हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे पाठ असावीत, कारण पहिल्या आठवड्यानंतर शिक्षक त्यांच्यासाठी थांबत नाहीत. चिनीसाठी पिनयिन, म्हणजे 1958 साली चीनमध्ये स्वीकारलेली रोमन लेखनपद्धती, आत्मसात करावी. पिनयिनमधला ‘बी’ हा आपला ब नसून प आहे, आणि ‘पी’ म्हणजे ओठ पूर्ण मिटून, श्वास सोडत उच्चारलेला फ आहे. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला हा भेद मराठी माणसाच्या कानाला परिचित असतो, फक्त रोमन अक्षर पाहून फसायचे नाही.

चिनीत खरे कष्ट सुरांना, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढउतारांना, लागतात. चार सूर सुटे म्हणता आले म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. पण बोलताना ते एकमेकांना बदलतात. ‘नी हाओ’ या साध्या अभिवादनातली दोन्ही अक्षरे तिसऱ्या सुराची आहेत, तरी तिसऱ्यापुढे तिसरा आल्यामुळे ‘नी’ दुसऱ्या, म्हणजे चढत्या सुरात म्हटले जाते. म्हणून शब्द सुटे न घोकता जोड्यांनी आणि मोठ्याने म्हणावेत. जपानीत सुरांचा हा भार नाही. क्रियापद शेवटी आणि विभक्तीदर्शक प्रत्यय नामानंतर येत असल्याने तिची वाक्यरचना मराठी माणसाला लवकर जवळची वाटते. तिथे वेळ जातो तो आदरार्थी रूपांवर आणि चिन्हांच्या अनेक वाचनांवर.

चिन्हांचे नाते मात्र जपून हाताळावे. जपानच्या नित्य वापराच्या अधिकृत यादीत 2136 कांजी, म्हणजे अर्थदर्शक चिन्हे, आहेत आणि त्यांतली बहुसंख्य चीनमधून आलेली आहेत; परंतु विसाव्या शतकात दोन्ही देशांनी आपापल्या पद्धतीने ती सोपी केली. ‘विस्तीर्ण’ या अर्थाचे चिन्ह घ्या. तैवानमध्ये त्याचे जुने, गजबजलेले रूप चालते, जपानने आतला भाग काढून तिथे एक लहान खूण ठेवली, तर चीनने आतले सगळेच काढून वरची व डावीकडची चौकट तेवढी राखली. वहीत ही तीन रूपे शेजारी शेजारी मांडली, तर दुसऱ्या देशाच्या मजकुराचा साधारण अंदाज येऊ लागतो. उच्चार मात्र वेगळ्या वहीत लिहावेत, कारण पर्वताच्या ज्या चिन्हाला चिनीत ‘शान’ म्हणतात, ते जपानीत कुठे ‘सान’ तर कुठे ‘यामा’ असे वाचतात. चिन्हे हातानेच गिरवावीत. टंकलेखनात योग्य चिन्ह निवडता आले म्हणजे ते लिहिता येते असे नाही.

संस्कृतीच्या अभ्यासालाही उन्हाळा सोयीचा असतो. विणकर कन्या आणि गुराखी या ताऱ्यांच्या वर्षातून एकदाच होणाऱ्या भेटीची कथा चीनमधून जपानमध्ये गेली. चीनमध्ये हा सण आजही चांद्र पंचांगातील सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी येतो, म्हणजे बहुधा ऑगस्टमध्ये. जपानने 1873 पासून ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारल्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी तो 7 जुलैला असतो, आणि सेंदाई शहरात मात्र ऑगस्टच्या सुरुवातीला. कथा एकच असूनही तारखा का पांगल्या, हे शोधू लागलो की धर्म, शेती आणि राज्यकारभार यांचा इतिहास आपोआप समोर येतो. निबंधासाठी असाच नेमका, लहान विषय निवडावा.

परीक्षांचा विचार आधीच करून ठेवावा. जेएलपीटी ही जपानीची प्रावीण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते; जुलैची परीक्षा महिन्याच्या सुरुवातीलाच असल्याने नवशिक्यांनी डिसेंबरची धरावी. तीत बोलण्याची वा लेखनाची चाचणी नसते, त्यामुळे केवळ तिच्यासाठी अभ्यास केल्यास बोलणे मागे पडते. पुढील स्तराला प्रवेश देताना अनेक विद्यापीठे वेगळी पात्रता चाचणी घेतात. सत्र संपल्यानंतरच्या रिकाम्या आठवड्यांतही रोज थोडे मोठ्याने वाचन आणि थोडी चिन्हे गिरवणे चालू ठेवावे, नाहीतर त्या चाचणीत शिकलेलाच स्तर पुन्हा वाट्याला येतो.