बोअरची मोटर आणि अँपिअरचा काटा
उन्हाळ्यात मराठवाड्यात बोअरचं पाणी खोल गेलं की स्टार्टर पॅनलवरच्या अँमीटरकडे (करंट मोजणाऱ्या मीटरकडे) रोज बघाच. तो फेजच्या वायरीत सिरीजमध्ये, म्हणजे मोटरच्याच वाटेत एकामागे एक, असतो, म्हणून मोटर ओढते तोच करंट त्यातून जातो. सुरू होताना काटा उसळी मारतो, स्थिरावल्यावर वाचा. थ्री फेज 5 एचपीला साधारण 7 ते 10 अँपिअर. नेमका आकडा नेमप्लेटवर असतो. काटा नेहमीपेक्षा खाली उतरला की मोटर बहुधा कोरडी चालतेय, लगेच बंद करा. वर चढला तर व्होल्टेज कमी, एखादा फेज गेलेला किंवा पंपात गाळ. क्लॅम्प मीटर (वायर न कापता बाहेरून करंट मोजणारा) वापरत असाल तर त्याच्या जबड्यात एकच वायर घ्या, तिन्ही एकत्र धरल्या तर जवळपास शून्य दिसतं. अँमीटर दोन फेजांमध्ये मात्र कधीही जोडू नका. त्याचा रोध नगण्य असतो, थेट शॉर्ट होतो.